गुरुवारचा ताप

डॉक्टरीणबाईंनी कंपनीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी वही मिटली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, "घरी पेंढा आहे का?" नितेशला हसू आलं आणि हसता हसताच खोकला लागला. रोह्याहून एसटीत बसून तो पेणला, रामवाडीतल्या या छातीच्या दवाखान्यात आला होता तो गॅसचं नाव ऐकायला. एकवीस वर्षं तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होता. बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघताना त्याने सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, कुठल्या पोत्यात कुठली पावडर, कुठल्या शिफ्टला वास जास्त, मास्क कधी घालतो आणि कधी गळ्यात लोंबत असतो. आणि या बाई पेंढा विचारत होत्या. "माझा रोह्यात फ्लॅट आहे मॅडम, तिसऱ्या मजल्यावर," तो म्हणाला. "ते कळलं. पण गुरुवारी कुठे जाता?" नितेशने वहीकडे बघितलं. आपण गुरुवारी कुठे जातो हे आपण त्यांना सांगितलंच नव्हतं.

वही त्यांनीच लिहायला सांगितली होती, दीड महिन्यापूर्वी, पहिल्या भेटीत. रोज किती खोकला, ताप कधी, दम कधी लागला, दिवसभरात काय केलं. लिहायचं काम बायकोने, नमिताने, अंगावर घेतलं होतं. मुलीच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वहीत ती रोज जेवणं झाली की त्याला विचारून दोन ओळी लिहायची. गुरुवार, संध्याकाळी सहाला थंडी वाजून ताप, छाती आवळते. शुक्रवार, शिफ्टला दम, जिना तीनदा थांबून. शनिवार, बरा. रविवार, बरा. पुन्हा गुरुवार. नमिताला तो गुरुवार दिसला होता, पण तिला वाटलं होतं की सुट्टीच्या दिवशी माणसाचं अंग सैल सुटतं आणि आठवडाभराचं साचलेलं बाहेर येतं. नितेशला तर शुक्रवारच दिसत होता. शुक्रवारी कंपनीच्या गेटात शिरलं की धाप लागते, मग दोष कोणाचा? बाईंनी वही पुन्हा उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'गुरुवार. ओव्हरटाइम. ताप नाही. झोप चांगली.' "या गुरुवारी तुम्ही सुट्टी न घेता सोळा तास कंपनीत होतात," त्या म्हणाल्या, "आणि या एकाच गुरुवारी तुम्हाला काही झालं नाही. का?" त्या आठवड्यात गावाकडची आये, त्याची आई, तिच्या भावाकडे लग्नाला गेली होती. शेजारच्या शकूने गुरांना घातलं होतं. म्हणून नितेश गावी गेला नव्हता.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या खारेपाटात त्याचं गाव, तिथे एकटी आये, दोन गाई, एक वासरू, आणि गोठ्यावरचा माळा छपरापर्यंत पेंढ्याने भरलेला. दर गुरुवारी सकाळी मोटारसायकलवर जायचं, माळ्यावर चढायचं, आठवड्याचा पेंढा ओढून खाली टाकायचा, उरलेला नीट दाबून लावायचा, गोठा झाडायचा, दुपारी आयेच्या हातचं जेवून परत. हे सांगताना त्याचा आवाज आपोआप मोकळा झाला. यंदाही, गेल्या दोन वर्षांसारखाच, दिवाळीच्या सुमाराला कापलेलं भात शेतात आडवं असताना पाऊस आला, पेंढा ओलाच माळ्यावर गेला, आतून काळा पडला, तेही त्याने सांगितलं. भारा ओढला की पांढरी धूळ उठते, पिठासारखी, आणि कौलांच्या फटीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहते. वास आंबूस येतो, थोडा गोडसर. त्याला तो वास आवडायचा, पण हे त्याने बाईंना सांगितलं नाही. "ती पांढरी धूळ म्हणजे बुरशी," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना तिचा त्रास होत नाही. तुमच्या आईंना झाला नाही. काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. पाच-सहा तासांनी आतून सूज येते, ताप चढतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही कंपनीत असता, म्हणून तुम्ही कंपनीला धरलंत." त्या कागदावर काही लिहीत होत्या. मग लिहिता लिहिताच, वर न बघता, त्यांनी विचारलं, "वडिलांना असं काही होतं?"

"नाही," नितेश लगेच म्हणाला. "त्यांना काही नव्हतं. त्यांना कामाचा कंटाळा होता."

म्हणून गेला आणि त्याचे कान तापले. परक्या बाईपुढे आपल्या मेलेल्या बापाबद्दल हे असं सहज, नाव-गाव सांगावं तसं, आपण सांगितलं. बाईंनी मान वर केली. "कसला कंटाळा?" "म्हणजे... भात झोडायचे दिवस आले की त्यांचं अंग मोडून यायचं. पडून राहायचे. बाकी वर्षभर धडधाकट." "दर वर्षी?" "दर वर्षी." बाईंनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर हायवेवरून एक मोठी गाडी गेली, काचा थरथरल्या. "मी त्यांना तपासलेलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "त्यामुळे मी काही सांगणार नाही." पुढे त्या स्कॅनबद्दल बोलल्या, गोळ्यांबद्दल बोलल्या, माळ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही असं बोलल्या. नितेश मान हलवत राहिला. त्यातलं निम्मं त्याला नंतर नमिताने कागदावरून वाचून दाखवलं.

परतीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. गाडी हायवेला लागली आणि वारा तोंडावर आला तसं त्याने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे बाबा आला. जगन. उंच, हडकुळा, हात गुडघ्यांपर्यंत लोंबणारे. तळ्यात जिताडा मासा धरावा तर जगनने, असं गाव म्हणायचं, कमरेइतक्या पाण्यात तो तासन्‌तास उभा राहायचा आणि त्याला कधी शिंकही यायची नाही. पण खळ्यात भाताचे भारे येऊन पडले की दोन दिवसांत जगन घोंगडीत. त्याचा थोरला भाऊ हैबतराव, ज्याला घरची पोरं मोठाबाबा म्हणायची, एकटा चार माणसांचं झोडायचा आणि प्रत्येक भाऱ्यागणिक टोमणा मारायचा. जगनला भात खायला चालतं, झोडायला चालत नाय. तळ्यावर कसा बरा असतो? खळ्यातली माणसं हसायची. नितेश तेव्हा चौदा वर्षांचा, बापाच्या जागी उभा राहून झोडायचा, आणि ते हसणं पाठीवर झेलायचा. एकदा दुपारी तो तसाच, अंगाला तूस चिकटलेलं, घरी आला. बाबा भिंतीला टेकून बसला होता, बसून झोपल्यासारखा, कारण आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. हे आत्ता एसटीत त्याला कळत होतं, की तो आडवा का होत नसे. तेव्हा त्याला ते सोंग वाटलं होतं. तो म्हणाला होता, "बाबा, लोक काय बोलतात ठाव हाय तुला?" बाबाने डोळे उघडले होते आणि एवढंच म्हटलं होतं, "हाय." त्या 'हाय'मध्ये राग नव्हता, काहीच नव्हतं. माणूस वेळ विचारतो आणि आपण सांगतो, तसं.

नागोठण्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. नितेश बसल्या जागी हिशोब लावत नव्हता, पण एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसत होती, आणि बसताना दुखत नव्हती, हेच त्याला विचित्र वाटत होतं. विसाव्या वर्षी तो धाटावला लागला. एकवीस वर्षांत त्याने आजारपणाची रजा घेतली नव्हती. हजेरीबद्दल कंपनीने त्याला दोनदा सगळ्यांसमोर उभं करून नारळ आणि घड्याळ दिलं होतं. मित्र म्हणायचे नितेश म्हणजे लोखंड. लोखंड कसलं, त्याला भीती होती. अंगात कणकण आली की त्याला खळ्यातलं हसणं ऐकू यायचं. दोन वर्षं त्याने हा ताप लपवला तोही त्याच भीतीने, नमिताने शेवटी हाताला धरून दवाखान्यात नेईपर्यंत. आणि दर गुरुवारी माळ्यावर चढणं! आयेला मदत म्हणून तो जायचा, गाईंच्या ओढीने जायचा, हे खरंच होतं. पण पेंढ्यात कमरेपर्यंत रुतून भारे ओढताना त्याला जो आनंद व्हायचा त्याच्या तळाशी हेही होतं, की बघा, जगनचा मुलगा बघा. बापाने जे केलं नाही ते तो करत होता. बापाला जे झालं तेच त्याला होत होतं. हे मनात आलं तसा तो एसटीत मोठ्याने "आयला" म्हणाला, आणि शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

स्कॅन पनवेलला झाला. बाईंनी फिल्म उजेडात धरून दोन्ही बाजूंना धुरकट ठिपके दाखवले, आणि खाली थोडे जुने वण. वण जाणार नाहीत, ठिपके जातील, असं त्या म्हणाल्या. वेळेवर आलात. लांब राहणं हेच तुमचं खरं औषध. नितेशने आयेला फोनवर सांगितलं की कंपनीत काम फार आहे, आणि चार गुरुवार तो गेला नाही. पहिल्या गुरुवारी संध्याकाळी सहाला तो आणि नमिता दोघेही घड्याळाकडे बघत बसले होते. सहा वाजले, सात वाजले. नमिताने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. "काय गो, उतरलं का भूत?" तो म्हणाला, आणि नमिता हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ आलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात तो बाजाराची पिशवी घेऊन जिना चढला आणि दारात किल्ली लावताना त्याच्या ध्यानात आलं की आपण मध्ये थांबलो नाही. तो पुन्हा खाली गेला आणि पुन्हा वर आला. श्वास आत जायचा, खूप आत, जिथपर्यंत तो जातो हे तो विसरला होता, आणि तिथून निवांत परत यायचा. कुंडलिका नदीवरून सकाळी येणारा गारवा त्याला नाकात, घशात, आणखी खाली जाणवायचा. असं नुसतं श्वास घेत बसण्याची त्याला थोडी लाज वाटायची. पण तो बसायचा, गॅलरीत, चहा संपल्यावरही.

कंपनीतला जितेश तेवढा खट्टू झाला. युनियनचा माणूस, नितेशच्याच शिफ्टचा, त्याने दोन महिने कंपनीविरुद्धच्या अर्जाचा मसुदा खिशात बाळगला होता. "पेंढा?" तो म्हणाला. "साला, पेंढा? अरे लोक इथल्या हवेला कंटाळून गावाला जातात." "मी गावाला जाऊन आजारी पडतो आणि इथे येऊन बरा होतो," नितेश म्हणाला. जितेशने अर्ज काढून त्याकडे एकदा बघितलं. "ठेवतो," तो म्हणाला, "दुसऱ्या कोणाला लागेल." दोघेही हसले. त्या हसण्यात नितेशला आपली एक जुनी गाठ सुटल्यासारखी वाटली. आजारी आहे असं त्याने माणसासमोर उभं राहून सांगितलं होतं, आणि कोणी त्याला काही म्हटलं नव्हतं.

पौषात एका गुरुवारी तो गावी गेला. तोंडाला बाईंनी दिलेला जाड मास्क, खिशात घडी केलेला रिपोर्ट. गोठ्याकडे न बघता तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, खाडीच्या वाऱ्याला तोंड करून उभा राहिला आणि तिथूनच हाक मारली. हौसा, त्याची आये, ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. "चार गुरवार झाले रं तुजे," ती म्हणाली. "आनि तोंड कनाला बांदलंस? आत ये." तो आत गेला नाही. तिथेच एका दगडावर बसला आणि तिला सांगितलं, जसं बाईंनी त्याला सांगितलं होतं तसंच, ओला पेंढा, पांढरी धूळ, ताप, ठिपके. आयेने शेंगा सोलायचं थांबवलं नाही. "मग शकू घालंल पेंडा," ती म्हणाली. "मास्क बांदून, पानी शिंपडून," नितेश म्हणाला, "आणि तूसुद्धा." "मना काय होतंय!" इथवर सगळं त्याचं स्वतःचं होतं, ते सोपं होतं. "आये," तो म्हणाला, "बाबाला हेच होतं."

आयेचे हात थांबले. एक दाणा तिच्या बोटांतून निसटला आणि ओटीवरून गडगडत अंगणात गेला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग गोठ्याकडे, माळ्याच्या काळ्या तोंडाकडे. "म्हंजे तो आजारी होता," ती म्हणाली. नितेश म्हणाला, व्हय. "खरा आजारी." "व्हय आये." तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे त्याला दुरून नीट दिसत नव्हतं आणि जवळ जायचं धाडस होत नव्हतं. "मी त्याला बोलायची," ती म्हणाली. "भावाकडं बगून तरी लाज धर, म्हनायची. तो काय बी बोलायचा नाय. मना वाटायचं, बोलत नाय म्हंजे खोटाच हाय." "मीही बोललो होतो," नितेश म्हणाला. "तू पोर होतास." तिने पदराने डोळे पुसले, एकदाच, जोरात, आणि उठली. "तो कागद दे."

"इंग्रजीत आहे, आये."

"त्याच्यावर बाबाचं नाव लिवलंय काय डाक्टरनी?"

"नाही. त्यांनी बाबाला बघितलं नाही, त्या कशा लिहितील?"

"मग तू लिव. तू बगितलंस ना."

त्याने रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. मराठीत, मोठ्या अक्षरांत. जगन यांना पेंढ्याच्या धुळीने छातीचा आजार होता. त्याला शाळेत पहिल्यांदा नाव लिहिताना झालं होतं तसं काहीतरी झालं, अक्षर उमटताना बघत राहावं असं. हे पुराव्याने सिद्ध होणार नाही हे त्याला कळत होतं. बाई पाहतील तर भुवया उंचावतील. पण दर वर्षीचे ते दहा-पंधरा दिवस, ती भिंत, ते बसून झोपणं, त्याने बघितलं होतं, आयेने बघितलं होतं, आणि आता त्याने ते स्वतःच्या छातीत भोगलंही होतं. आयेने कागद घेतला, नीट घडी केली, आणि चपला न घालताच शेताकडे निघाली.

हैबतरावाच्या खळ्यात मळणीचं मशीन चालू होतं. धुळीचा एक पिवळट खांब वर जात होता आणि वाऱ्याने गावाकडे कलत होता. नितेश वळसा घालून खाडीच्या बाजूने गेला आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे ती धूळ पोचत नव्हती अशा एका बांधावर बसला. मास्क काढला. खारट हवा. मधे कापलेलं रिकामं शेत, त्यातून आयेची ठेंगणी आकृती ताठ चाललेली. ती खळ्यात पोचली. हैबतराव, आता पंचाऐंशीचा, खुर्चीवर बसून माणसांवर देखरेख करत होता. त्याने हात केला आणि मशीन बंद पडलं. ती शांतता शेत ओलांडून नितेशपर्यंत आली, पण शब्द आले नाहीत. आये बोलत होती एवढं दिसत होतं. तिने कागद त्याच्यापुढे धरला. मग तिने स्वतःच्या छातीवर दोनदा हात आपटला. माणसं कामं टाकून उभी होती. म्हाताऱ्याने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, शेजारच्या कोणाला तरी दिला, त्या माणसाने वाचून दाखवलं असावं. नितेशला वाटलं आता तो हसेल. म्हातारा हसलाच तर काय करायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची गरज वाटत नव्हती. हसू दे. ते आता पाठीवर बसणार नव्हतं.

म्हातारा उठला. काठी टेकत तो खळ्यातून बाहेर पडला आणि धसकटं तुडवत सरळ बांधाच्या दिशेने यायला लागला. एकटाच. मधे दोनदा थांबला. आये खळ्यात तिथेच उभी राहून बघत होती. तो जवळ आला तसा नितेश उठायला लागला, मोठं माणूस आलं म्हणून, आणि कोणाला बसलेलं दिसू नये या जुन्या सवयीनेही. हैबतरावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"बस," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "बस रं. जगन हितंच बसायचा. ह्यो बांद वाऱ्यावर हाय ना. मी येऊन त्याला दर टायमाला उटवायचो."

म्हातारा काठी रोवून, त्याच्या खांद्याचा आधार घेत, हळूहळू खाली बसला. त्याच्या पांढऱ्या भुवयांत, बंडीच्या घड्यांत, कानांच्या पाळ्यांवर सगळीकडे भाताची धूळ होती. बसल्यावर त्याने एकदा स्वतःच्या अंगाकडे बघितलं, एकदा वारा कुठून येतोय ते बघितलं. मग पुन्हा काठी धरून तो उठला, नितेशच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, हातभर अंतर सोडून बसला.